‘सवय होईल’ म्हणण्याआधी

नव्या रूपातली ऑपरेटिंग सिस्टीम आली की पहिल्या आठवड्यातच वाद कोणत्या वळणाने जाणार हे आता आधीच सांगता येते. एक बाजू म्हणते, सुरळीत चाललेले होते ते बिघडवून ठेवले. दुसरी बाजू म्हणते, माणसाला बदल नकोच असतो, महिनाभर वापरा, सवय होईल. मग पहिली बाजू स्क्रीनशॉटवर लाल वर्तुळे काढू लागते, दुसरी बाजू ‘मागच्या वेळीही तुम्ही असेच ओरडला होतात’ याची आठवण करून देते, आणि वापराच्या सोयीविषयी सुरू झालेली चर्चा माणसांच्या स्वभावाविषयीची होऊन बसते. माझा आक्षेप ‘सवय होईल’ या दोन शब्दांना आहे, पण ते खोटे आहेत म्हणून नव्हे. सवय होते हे खरेच आहे. मात्र कशाची सवय होऊन प्रश्न मिटतो, कशाची सवय झाली तरी तिची किंमत रोज मोजावी लागते आणि कशाची सवय मुळात होऊच शकत नाही, हे वेगळे काढल्याशिवाय ते शब्द उच्चारू नयेत असे मला वाटते.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ॲपलचे आहे. जुलै २०११ मध्ये मॅकसाठी ‘लायन’ ही आवृत्ती आली आणि स्क्रोल करण्याची दिशा उलटी झाली. आधी बोटे खाली ओढली की पानाचा खालचा भाग समोर येत असे. आता फोनच्या स्क्रीनवर होते त्याप्रमाणे मजकूर बोटांच्या मागे जाऊ लागला. त्या वेळी यावर बरीच नाराजी व्यक्त झाली. परंतु नव्या दिशेने स्क्रोल करण्यास जुन्या दिशेइतकेच श्रम लागत होते, पायऱ्या वाढल्या नव्हत्या, काही लपवलेलेही नव्हते, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये एक टिचकी ठेवलेली होती. काही दिवसांत हात वळले आणि विषय संपला. ‘सवय होईल’ हे उत्तर येथे शंभर टक्के लागू पडते, आणि असे बदल हाणून पाडायला निघणाऱ्यांची बाजू घेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आता आधी तिसरा प्रकार, म्हणजे ज्याची सवय होऊच शकत नाही असा, घेऊ आणि त्यासाठी विंडोज ११ मधील स्टार्ट बटणाकडे पाहू. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले तेव्हापासून, विंडोज ८ चा अपवाद सोडता, हे बटण पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात असे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये ते इतर आयकॉनांसह टास्कबारच्या, म्हणजे पडद्याच्या तळच्या पट्टीच्या, मध्यभागी आले. बहुतेक टीका ‘मॅकची नक्कल केली’ या अंगाने झाली आणि ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. खरा मुद्दा त्या मध्यभागाच्या गणितात आहे. मध्यभागी ठेवलेला आहे तो आयकॉनांचा संपूर्ण गट. एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की त्याचा आयकॉन गटात येऊन बसतो, गट दोन्ही बाजूंना रुंदावतो आणि स्टार्ट बटण थोडे डावीकडे सरकते. प्रोग्रॅम बंद केला की ते पुन्हा उजवीकडे येते. म्हणजे सकाळी एकच खिडकी उघडी असताना बटण जिथे होते तिथे ते दुपारी आठ-दहा खिडक्या उघड्या असताना नसते. प्रत्येक वेळी नजर खाली नेऊन ते शोधावे लागते. हा शोध क्षणभराचाच असतो हे मान्य; पण हाताला जागा पाठ होण्यासाठी जागा एकच असावी लागते, आणि येथे ती एक नाहीच. या बदलाला ‘सवय होईल’ असे उत्तर देणे म्हणजे जे होऊ शकत नाही त्याचे आश्वासन देणे होय.

याच्या मागे एक जुना आणि भक्कम नियम आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवरील प्रयोगांतून दाखवले की एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो: लक्ष्य जितके दूर आणि लहान, तितका वेळ जास्त. संगणकाच्या पडद्यावर या नियमाला एक गमतीदार पुरवणी मिळते. माउस कितीही जोरात सरकवला तरी पॉइंटर कडेशी येऊन अडतो, त्यामुळे कडेला चिकटलेले लक्ष्य व्यवहारात अतिशय मोठे ठरते. कोपऱ्यात तर दोन कडा मिळतात. तिथे नेम धरावाच लागत नाही. मॅकचा मेन्यू पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असण्याचा फायदा हाच. आणि विंडोज ११ च्या मूळ मांडणीत हा सोन्यासारखा डावा कोपरा नंतर कोणाला मिळाला? हवामान आणि बातम्या दाखवणाऱ्या विजेट्सना. त्यातही मूळ सेटिंगनुसार पॉइंटर नुसता वरून गेला तरी ते पॅनेल उघडते. सर्वांत सहज सापडणारी जागा सर्वांत कमी निकडीच्या गोष्टीला देण्यामागे वापरकर्त्याची सोय हा हेतू होता, हे मला कोणी पटवून दिले तर ऐकायला आवडेल.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. अनेकजण स्टार्टसाठी माउस वापरतच नाहीत, कीबोर्डवरील विंडोजची कळ दाबतात आणि प्रोग्रॅमचे नाव टाइप करू लागतात. त्यांना बटण कुठे आहे याने काहीच फरक पडत नाही. फार रुंद मॉनिटरवर डावा कोपरा खरोखरच दूर पडतो. शिवाय आयकॉन पुन्हा डावीकडे नेण्याची सोय सेटिंग्जमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. तेव्हा नुकसान भरून न येण्यासारखे नाही. पण अख्खा टास्कबार उभा करून पडद्याच्या बाजूला नेण्याची जी मुभा जुन्या आवृत्त्यांत होती ती या आवृत्तीच्या पदार्पणात काढून टाकली होती, आणि तशीच इतरही काही कामे काढली होती: फाइल ओढून टास्कबारवरील आयकॉनवर नेणे हे २०२२ मध्ये परत आले, तर प्रत्येक खिडकीचे नावासह वेगळे बटण दाखवणे हे २०२३ मध्ये. जी सोय दोन वर्षांनी परत आणावी लागते तिच्याविना अडलेल्यांना ‘तुम्ही बदलाला घाबरता’ असे म्हटले गेले होते, हे मात्र विसरता येत नाही.

दुसरा प्रकार, म्हणजे सवय होते पण किंमत सुटत नाही असा, राइट क्लिकच्या मेन्यूत दिसतो. येथे मायक्रोसॉफ्टची अडचण खरी होती. वर्षानुवर्षे प्रत्येक प्रोग्रॅम आपली एक ओळ त्या मेन्यूत घुसवत आला होता. संकुचित फाइली उघडणारा, व्हायरस तपासणारा, इंटरनेटवर साठवण करणारा, प्रत्येकाची वेगळी पाटी. मेन्यू पडद्याच्या उंचीला भिडू लागला होता. विंडोज ११ ने तो छाटला, कट, कॉपी, नाव बदलणे, काढून टाकणे ही नेहमीची कामे चिन्हांच्या रूपात पॉइंटरच्या जवळ एका पट्टीत आणली आणि जुने सारे ‘आणखी पर्याय दाखवा’ या ओळीमागे ढकलले. कल्पना चांगली, अंमलबजावणी अर्धवट. कारण ती चिन्हे शब्दांविना होती. कात्री ओळखू येते, पण नाव बदलण्याचे चिन्ह आणि चिकटवण्याचे चिन्ह यांत पहिल्या नजरेला गफलत होते. शिवाय मेन्यू वर उघडतो की खाली यावर ती पट्टी कधी वरच्या टोकाला तर कधी खालच्या टोकाला असते. २०२४ च्या आवृत्तीत त्या चिन्हांखाली शब्द आले, म्हणजे टीकेत तथ्य होते हे कृतीतून मान्य झाले. तरीही ज्याला रोज छाटलेल्या ओळींपैकीच एक लागते त्याच्यासाठी एक क्लिक वाढला तो वाढलाच. शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यास जुना मेन्यू थेट उघडतो, ही युक्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांचे निभावते. पण ती पडद्यावर कुठेही लिहिलेली नाही.

हे न लिहिलेलेपण हाच विंडोज ८ चा मुख्य दोष होता, आणि या आवृत्तीवर जरा थांबायला हवे, कारण एवढा मोठा प्रयोग त्याआधी किंवा नंतर क्वचितच झाला असेल. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती विक्रीस आली. २०१० मध्ये आयपॅड आल्यानंतर टॅब्लेटचे वारे जोरात होते, आणि बोटाने चालवायची व माउसने चालवायची अशी दोन्ही यंत्रे एकाच रूपात बांधण्याचा निर्णय घेतला गेला. संगणक सुरू केला की रंगीत टाइलांचा पूर्ण पडदा समोर येई. नेहमीचा डेस्कटॉप ही त्यातली एक टाइल झाली. स्टार्ट बटण नाहीसे झाले; त्याच्या जागी पॉइंटर कोपऱ्यात नेला की काहीतरी उगवे. उजव्या कोपऱ्यांतून ‘चार्म्स’ नावाची पट्टी सरकत येई आणि संगणक बंद करायचा तर ती पट्टी उघडून सेटिंग्ज, मग पॉवर, मग बंद करा, असा प्रवास करावा लागे. संगणक बंद करणे हे कोणाच्या मते ‘सेटिंग’ असते? आणि ही पट्टी आहे हेच कळायला पडद्यावर एकही खूण नव्हती. कोपऱ्यांचा फायदा फिट्सच्या नियमाने मिळतो खरा, पण तिथे काही आहे हे आधी दिसावे लागते.

उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये १२ अनुभवी वापरकर्त्यांसह केलेल्या चाचणीवरून या आवृत्तीवर कठोर टीका केली. त्यांचा एक आक्षेप मला आजही मोलाचा वाटतो: नव्या रूपातले प्रोग्रॅम सगळा पडदा व्यापत असल्यामुळे अनेक खिडक्या शेजारी शेजारी मांडून तुलना करणे अवघड झाले, आणि ज्याला एका खिडकीतली माहिती दुसऱ्या खिडकीत वापरायची आहे त्याला मधली सगळी माहिती डोक्यात धरून ठेवावी लागली. ज्या प्रणालीचे नावच खिडक्यांवरून पडले तिच्यात हे व्हावे, यातला विनोद सोडून देऊ. पण स्मरणशक्तीवर पडणारा हा बोजा सवयीने कमी होत नाही.

मायक्रोसॉफ्टने हे सारे विचार न करता केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विंडोज ८ बनत असताना त्यांच्या चमूने आपली कारणे विस्ताराने प्रसिद्ध केली होती. लाखो संगणकांवरून गोळा झालेल्या वापराच्या नोंदींवरून त्यांना दिसले होते की विंडोज ७ मध्ये लोक प्रोग्रॅम टास्कबारवर अडकवून ठेवू लागले आणि स्टार्ट मेन्यू कमी उघडू लागले. आकडे खरे असतील, निष्कर्ष चुकला. कारण स्टार्ट मेन्यू हा रोजच्या पाच प्रोग्रॅमांसाठी नव्हताच, तो आठवड्यातून एकदा लागणाऱ्या सहाव्या गोष्टीसाठी होता. जिन्याच्या कठड्याला दिवसातून किती हात लागतात ते मोजून कठडा काढून टाकावा, तसा हा हिशेब झाला. वापराची मोजणी किती वेळा हे सांगते. अडलेल्या माणसाने त्या क्षणी कुठे हात घातला असता, ते नसते तर त्याचे काय झाले असते, हे सांगत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ सह स्टार्ट बटण परत आले, एप्रिल २०१४ च्या सुधारणेने टाइलांच्या पडद्यावर संगणक बंद करण्याचे बटण दिले, आणि जुलै २०१५ मध्ये विंडोज १० ने स्टार्ट मेन्यूच परत आणला.

त्याच विंडोज ८ मधले दोन बदल मात्र मागे घ्या असे कोणी म्हटले नाही. फाइली कॉपी करतानाची खिडकी नवी झाली: चालू असलेली सर्व कामे एकाच खिडकीत, प्रत्येकाचा वेग आलेखात, आणि हवे तेव्हा थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय. टास्क मॅनेजरही नव्याने बांधला गेला; कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती खातो ते रंगाच्या गडदपणावरून कळू लागले आणि संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी तिथेच आली. दोन्ही रूपे पूर्ण वेगळी होती, तरी वाद झाला नाही. याचे कारण असे की तिथे जाण्याची वाट तीच राहिली आणि पोहोचल्यावर अधिक मिळाले. ‘लोकांना बदल नकोच असतो’ या विधानाला यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

वादात हमखास येणारा आणखी एक मुद्दा नवशिक्यांचा असतो. जुन्यांना त्रास होत असेल, पण नव्याने शिकणाऱ्याला हे रूप सोपे आहे, असे सांगितले जाते. नवशिका काही आठवडेच नवशिका असतो, पुढची अनेक वर्षे तो सराईत असतो, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचे हे की नवशिका एकटा शिकत नाही. तो शेजारच्या टेबलावरील माणसाला विचारून शिकतो. रूप मुळापासून बदलले की त्या शेजाऱ्याचे ज्ञान एका रात्रीत शिळे होते आणि नवशिक्याचा शिक्षकच जातो. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर गृहस्थांकडे एक वही आहे. तिच्यात त्यांनी संगणकाची प्रत्येक कृती पायऱ्यांनी लिहून ठेवली आहे, ‘डावीकडे खाली’, ‘तिसरी ओळ’, ‘निळे चिन्ह’, अशा त्यांच्या भाषेत. आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर काही पाने खोडून शेजारी नव्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत. ते गृहस्थ बदलाला घाबरत नाहीत. त्यांना आपला पेन्शनचा दाखला छापायचा असतो, एवढेच.

अर्धवट बदल हा तर स्वतंत्रच त्रास आहे. २०१२ पासून विंडोजमध्ये सेटिंग्ज आणि कंट्रोल पॅनेल अशी दोन घरे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एखादी गोष्ट नव्या घरात शोधावी, तिथे अर्धीच मिळावी आणि उरलेल्या अर्ध्यासाठी एका दुव्याने जुन्या घरात उतरावे, असे नेटवर्क, आवाज आणि प्रिंटर यांच्याबाबतीत वर्षानुवर्षे होत राहिले. जुने राहिले असते तर चालले असते, नवे पूर्ण झाले असते तरी चालले असते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही हा वाद झाला, पण त्याचा शेवट वेगळा झाला, कारण तिथे निघून जाण्याची वाट होती. एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीवरील ग्नोम या डेस्कटॉप रूपाची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली. जुने मेन्यू गेले, खिडकी लहान करण्याचे बटणही मूळ मांडणीतून गेले. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने युनिटी हे आपले रूप मुख्य केले. नाराज मंडळींनी ग्नोम २ चा कोड घेऊन ‘माते’ उभे केले, लिनक्स मिंट या दुसऱ्या आवृत्तीने ‘सिनॅमन’ बांधले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोम ३ वर उघड टीका करून एक्सएफसीई हे दुसरे रूप धरले आणि २०१३ च्या सुमारास ते पुन्हा ग्नोमकडे आले. हे परतणे ‘बघा, सवय झाली’ म्हणून सांगितले जाते. पण ते परतले ते विस्तार बसवून, म्हणजे काढून टाकलेल्या सोयींपैकी हव्या त्या परत जोडून. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ काढता येईल असा हा दाखला असल्यामुळे तो वादात वापरूच नये असे माझे मत आहे.

ग्नोमच्या विकासकांचा मूळ युक्तिवाद मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रत्येक पर्याय तपासावा लागतो, इतर पर्यायांशी त्याचे पटते की नाही ते पाहावे लागते, आणि पर्यायांच्या जंगलात सामान्य माणूस हरवतो. म्हणून ‘सगळे पर्याय ठेवा’ ही मागणी मी करणार नाही. दिवसातून शंभरदा हात जिथे जातो तिथला पर्याय ठेवावा; सावलीचा गडदपणा किती, कोपरे किती गोल, याचे पर्याय खुशाल काढावेत. प्रत्यक्षात बहुधा उलट होते: रंग, पार्श्वभूमी, चिन्हांची सजावट यांची मुभा वाढते आणि मांडणीची मुभा घटते.

अलीकडचा वाद ॲपलच्या ‘लिक्विड ग्लास’ रूपाचा आहे, आणि तो या तिन्ही प्रकारांत बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आणि मॅकओएस टाहो यांच्यासह बटणे, मेन्यू आणि पट्ट्या काचेसारख्या झाल्या; मागचे चित्र त्यांतून वाकून, पाझरून दिसते. येथे हातांच्या सवयीचा प्रश्नच नाही, प्रश्न डोळ्यांचा आहे. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीच्या, मान्य निकषांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी. अपारदर्शक पट्टीवर ही तफावत रचनाकार एकदाच मोजतो आणि मोकळा होतो. पारदर्शक पट्टीवर ती मागे काय आले त्यावर ठरते: काळ्या छायाचित्रावर पांढरी अक्षरे उठून दिसतात आणि तेच पान थोडे सरकवून पट्टीखाली पांढरा परिच्छेद आला की ती फिकी पडतात. प्रणाली काचेची छटा बदलून सावरण्याचा प्रयत्न करते, पण सरकत्या मजकुरावर तीच छटा वाचता वाचता बदलत राहते. टीकेनंतर नोव्हेंबर २०२५ च्या २६.१ मध्ये काच अधिक अपारदर्शक करण्याचा पर्याय ॲपलने दिला. त्याआधीही ‘पारदर्शकता कमी करा’ हा पर्याय सुगम्यतेच्या सेटिंग्जमध्ये होताच, आणि अनेकांनी वाद संपवण्यासाठी त्याच्याकडे बोट दाखवले. परंतु ज्यांना तो पर्याय सर्वाधिक लागतो, ज्यांची नजर अधू आहे किंवा जे सेटिंग्जमध्ये कधी शिरतच नाहीत, त्यांना तो शोधण्यासाठी आधी तीच काचेची अक्षरे वाचावी लागतात. म्हणून वाचता येणारे रूप मूळचे ठेवून ज्याला काच हवी त्याने ती सेटिंग्जमध्ये जाऊन घ्यावी, हा क्रम मला अधिक न्याय्य वाटतो.